तिरका पाइप

नाना, माझे वडील, पडले ते आठ फुटांवरून. हे कुणाला सांगितलं की अजूनही समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, आठ की अठ्ठेचाळीस? मी म्हणते, आठ. आमच्या जुन्या घराचं दार साडेसहा फुटांचं, त्याच्या चौकटीच्या हातभर वर, बस्स एवढंच. जो माणूस कारखान्यांच्या शेडवर पन्नास फुटांवर उभा राहून खालच्याकडे तंबाखू मागायचा, तो स्वतःच्या घराच्या भिंतीला रंग देताना स्वतःच्या दारातल्या दगडी पायरीवर पडला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, बारावी होऊन घरी बसले होते, आणि तोवर मला मनापासून वाटायचं की पडतात ती दुसऱ्यांची माणसं.

आमचं घर चाकणच्या अलीकडच्या एका वस्तीवर होतं. खाली दोन खोल्या, वर नव्यानं चढवलेली एक, आणि पुढं लांबरुंद अंगण. इतरांच्या अंगणात कडब्याची गंजी असायची, आमच्याकडं लोखंडी पाइपांची. बांधकामावर चढायच्या परांचीचं सगळं सामान तिथंच पडलेलं असे: पाइप, लाकडी जाड फळ्या, शिड्या, आणि पाइपाला पाइप आवळणारे क्लॅम्प भरलेली पोती. सकाळी टेंपोत पाइप चढवायला लागले की त्यांचा खणखणाट पार रस्त्यापर्यंत जायचा. पाहुणे दचकून उठायचे, आम्ही कूस बदलून झोपायचो. लांबच्या कंपनीचा भोंगा झाला की आई भाकरी थापायला घ्यायची. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा, असा डबा नाना साईटवर न्यायचे. रविवारी हुलग्याची शेंगोळी व्हायची, आणि सणासुदीला मासवड्या. मासवडीचं पीठ थापताना आईला कुणी बोललेलं चालत नसे.

माझ्याकडं काम होतं क्लॅम्पचं. साईटवरून परत आलेले क्लॅम्प रॉकेलमध्ये बुडवायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे, नट फिरतोय का बघायचं आणि तेलाचा हात लावून पोत्यात टाकायचे. पाना हातात धरायला मी दहाव्या वर्षी शिकले. आईला ते आवडत नसे, मुलीच्या नखांत तेल राहतं म्हणून. मला मात्र आवडायचं. ज्याचा नट हरवला तो क्लॅम्प फुकट, म्हणून मी सोडलेला प्रत्येक क्लॅम्प लगेच पुन्हा बोटानं बंद करून ठेवायची. ही सवय फक्त माझी. नानांची माणसं क्लॅम्प सोडला की तसाच पोत्यात भिरकावायची.

नाना मूळचे शेतकरीच. निम्मी जमीन कंपन्यांच्या जागेत गेली तेव्हा ते पिंपरीला बिगारी म्हणून लागले आणि तिथं परांचीच्या टोळीत शिरले. तेव्हा बांबू आणि ते बांधायला सुंभ असे. त्याच टोळीत हमीदचाचा होते. दोघं एकाच फळीवर वाढले म्हणायला हरकत नाही. पुढं चाचांना उंचीवर चक्कर यायला लागली, तेव्हा त्यांनी खाली उतरून चिखलीला एक छोटं वर्कशॉप टाकलं आणि क्लॅम्प बनवायला सुरुवात केली. नानांनी स्वतःची टोळी उभी केली. नानांची परांची आणि हमीदचाचांचे क्लॅम्प, ही जोडी चाकणच्या त्या भागात ठरून गेली होती. आठवड्यातून एकदा तरी चाचा टेंपो घेऊन यायचे, अंगणात बसून चहा प्यायचे आणि मी घासलेल्या क्लॅम्पांतला एखादा उचलून उजेडात धरून बघायचे.

परांची कशी बांधायची हे मला कुणी धडा देऊन शिकवलं नाही, पण अंगणात नाना नव्या माणसांना शिकवत असत आणि मी ऐकत असे. त्यांचं म्हणणं, परांची बुडापासून बघायची, वरून नव्हे. पाइप नुसता मातीत टेकवायचा नाही. त्याच्या बुडाखाली लोखंडी पत्रा आणि पत्र्याखाली लाकडाची जाड फळी, म्हणजे वजन पसरतं आणि पाऊस झाला तरी पाइप खचत नाही. उभे पाइप ओळंब्यात, अगदी सरळ, घ्यायचे. मग आडवे. मग परांची इमारतीला बांधायची, म्हणजे ती भिंतीपासून बाहेर कलत नाही. आणि मग तिरका पाइप, एका खांबाच्या बुडापासून दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत. तो तिरका नसेल तर सगळी चौकट डावी-उजवीकडं मुडपते. हे सांगताना नाना काड्यापेटीच्या चार काड्या जमिनीवर चौकोनात ठेवायचे आणि एका बोटानं तो चौकोन वाकडा करून दाखवायचे. फळ्या पूर्ण रुंदीच्या, मध्ये फट नाही, दोन्ही टोकांना बांधलेल्या. कमरेएवढा कठडा. शिडी वरून बांधलेली आणि फळीच्या वर हात-दोन हात निघालेली. एवढं झालं तरी रोज सकाळी चढण्याआधी एक फेरी मारायची, प्रत्येक क्लॅम्पला हात लावायचा. एकदा बबन मुकादम, नानांचा सगळ्यांत जुना माणूस, फेरी न मारता वर गेला. नानांनी त्याला खाली बोलावलं आणि त्या दिवसापुरतं घरी पाठवलं. बबन आमच्या दारावरून मान खाली घालून गेलेला मी पाहिलाय.

चैत्रात आमच्या गावची यात्रा असते. त्या वर्षी नव्या मजल्याचा गिलावा झालेला होता आणि यात्रेला पाहुणे येण्याआधी पुढची भिंत रंगवायचीच असं आईनं धरलं होतं. नानांनी एका रविवारी दारासमोर परांची उभी केली. चांगले पाइप सगळे साईटवर गेलेले, म्हणून उरल्यासुरल्यात काम भागवलं. चार खांब, एक खण, आठ फुटांवर फळ्या. खिडकीच्या गजांना दोराची बांधणी. पुढच्या बाजूनं, दाराच्या तोंडावरून जाणारा तिरका पाइप. कठडा नव्हता. मी विचारलं तर हसून म्हणाले, घरच्या भिंतीला कसला कठडा. मीही हसले. 

तीन-चार दिवस ते सकाळी कामावर जाण्याआधी तासभर रंग देत होते. त्याच आठवड्यात आईच्या कुरडयाही होत्या. गहू तीन दिवस भिजवलेले, वाटलेले, चीक बसलेला. चीक शिजायला ठेवला की तो सतत घोटावा लागतो, क्षणभर थांबलं तरी गाठी होतात. कुरडया वाळत घालायला अंगणात खाट हवी होती. नाना कामावर गेले आणि आईनं मला आतली लोखंडी खाट बाहेर काढायला सांगितली. मी आणि शेजारच्या काकूंनी ती उचलून दारापर्यंत आणली, आणि ती तिरक्या पाइपाला अडली. उभी केली, आडवी केली, तिरपी केली. निघेना. आतून आई ओरडत होती की चीक लागतोय.

मी पाना आणला. वरचा क्लॅम्प सोडला, खालचा सोडला, पाइप काढून कोपऱ्यात भिंतीला उभा केला. दोन्ही क्लॅम्प त्याच्याच टोकाला अडकवून बोटानं बंद केले, हरवू नयेत म्हणून. मनात एवढंच, की खाट गेली की परत लावते. खाट गेली. काकू गेल्या. आईनं हाक मारली, ये घोटायला, माझे हात भरून आले. मी आत गेले आणि ते डोक्यातून साफ गेलं. हे सांगताना लोक दुसरं काहीतरी कारण शोधतात, मी घाईत होते, लहान होते, थकले होते. तसं काही नव्हतं. मी विसरले. चुलीपुढं बसून चीक घोटत होते आणि एका सिनेमाचं गाणं गुणगुणत होते.

दुपारी बाराच्या सुमारास नाना अचानक घरी आले. साईटवर खडीची गाडी आली नव्हती, काम थांबलं होतं, म्हणून उरलेली भिंत उरकून घेतो म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, रंगाची बादली घेतली आणि वर गेले. आम्ही दोघी अंगणात कुरडया घालत होतो. आई सोऱ्या दाबत होती, मी कापडावर गोल फिरवून घेत होते. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या भरून नेला आणि खालून हात उंच करून दिला. ते वाकले, तांब्या घेतला, घटाघट प्यायले, तांब्या परत दिला. मी त्या परांचीच्या खाली उभी होते, जिथं तिरका पाइप असायला हवा होता बरोबर तिथं, आणि मला काही जाणवलं नाही. पुढं सगळं आयुष्य मी ह्याच कामात काढलं, कारखान्यांत परांच्या तपासण्याचं, चढायला योग्य आहे की नाही त्याची चिठ्ठी खांबाला लावण्याचं. आता पन्नाशी उलटून गेली. रावेतच्या माझ्या गच्चीतून समोर उठणाऱ्या टॉवरची परांची दिसते आणि माझी नजर आपोआप तिरके पाइप मोजत जाते. पण त्या दुपारी, हाताच्या अंतरावर, मला तो नसलेला दिसला नाही.

मी खाटेपाशी परतले होते. पाइपांचे आवाज मला जन्मापासूनचे ओळखीचे. चढवतानाचा वेगळा, उतरवतानाचा वेगळा, एकावर एक निसटले तर तो वेगळा. हा त्यातला कुठलाच नव्हता. आधी बराच वेळ काहीतरी करकरलं, जसं कुणी गंजलेलं फाटक सावकाश उघडतंय. मी मान वळवली तेव्हा नाना भिंतीच्या टोकाकडं हात लांबवून उभे होते आणि त्यांच्यासकट सगळी चौकट सावकाश उजवीकडं झुकत होती. इतकी सावकाश, की मला वाटलं ते आता सहज उडी मारतील. मग फळी निसटली. ते पायांवरच आले, उभेच्या उभे, दगडी पायरीच्या कडेवर, आणि मग बसल्यासारखे खाली गेले. त्यांच्यामागून पाइप पडले. रंगाची बादली गडगडत खाटेपर्यंत आली आणि अर्ध्या कुरडया पिवळ्या झाल्या.

आई हलली नाही. तिच्या हातात सोऱ्या तसाच धरलेला होता आणि त्यातून चीक तिच्या पदरावर गळत होता.  नानांचे डोळे उघडे होते. चेहरा राखेसारखा पडला होता. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते असं:

"खाली कुनी न्हवतं ना?"

मी म्हणाले, कुणी नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले.

त्या दिवशी हमीदचाचा साईटसाठी क्लॅम्प घेऊन येणारच होते. कुणीतरी नाक्यावर त्यांना सांगितलं आणि ते तसेच टेंपो घेऊन आले. शेजारची माणसं नानांना बखोट्याला धरून उठवायला निघाली होती. चाचांनी त्यांना मागं सारलं. पाठीला लागलेलं असू शकतं, कुणी हात लावू नका म्हणाले. पडलेल्या परांचीतली एक फळी त्यांनी सरकवत नानांच्या अंगाखाली घेतली, आईच्या दोन लुगड्यांनी त्यांना फळीला बांधलं आणि चौघांनी मिळून ती फळी टेंपोत ठेवली.  चालवायला बसण्याआधी ते थांबले. कोपऱ्यात भिंतीला टेकून पाइप उभा होता. टोकाला दोन क्लॅम्प, बोटानं बंद केलेले. त्यांनी पाइपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. क्लॅम्प काढून खिशात घातले आणि पाइप त्या पडलेल्या ढिगावर टाकून दिला. मग टेंपोत बसले. मी तिथं उभी राहिले. मला आता कळलं होतं काय झालं ते, आणि हेही कळलं होतं की त्यांनाही कळलंय.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की उजव्या टाचेच्या हाडाचा चुरा झालाय आणि पाठीचे दोन मणके दबलेत. चालतील, पण पुन्हा उंचीवर चढायचं नाही. आईला त्यातलं चालतील एवढंच ऐकू आलं. यात्रा आली आणि गेली. पाहुणे आले ते नानांच्या खाटेभोवती बसले. प्रत्येक जण विचारायचा, तुमच्यासारखा माणूस पडलाच कसा? कुणीतरी म्हणालं, क्लॅम्प निसटला असणार, नवा माल कच्चा येतो हल्ली. नाना आढ्याकडं बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. मीही काही बोलले नाही.

आमच्या भागात अशी गोष्ट पसरायला दोन दिवस पुरतात. नानाच पडले हमीदच्या क्लॅम्पवरून, म्हणजे माल वाईटच असणार. तिसऱ्या आठवड्यात बबन मुकादम आला आणि सांगून गेला की साईटच्या इंजिनिअरनं चाचांचे सगळे क्लॅम्प उतरवायला लावलेत, दुसऱ्या दोन साईटवरूनही पोती परत गेलीत. नानांनी तोंड भिंतीकडं केलं. मला वाटलं, पाठ दुखतेय.

दुसऱ्या दिवशी मी आईला मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगितलं आणि बसनं चिखलीला गेले. वर्कशॉपचं यंत्र बंद होतं. जमिनीवर परत आलेली पोती ओळीनं ठेवलेली होती आणि चाचा एका स्टुलावर बसून एकेक क्लॅम्प काढून हातानं तपासत होते, नट फिरवून बघत होते, चांगल्याच्या ढिगात टाकत होते. वाईटाचा ढीग नव्हताच. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, नानांची तब्येत विचारली. मी विचारलं, तुम्ही लोकांना खरं का सांगत नाही? त्यांनी हातातल्या क्लॅम्पचा नट पुरता फिरवून घेतला.

"क्लॅम्प चांगला होता असं सांगायचं, तर परांची का पडली तेही सांगायला लागतं, मंगल. ते मी कसं सांगू?"

एवढं बोलून ते पुन्हा तपासायला लागले. ते माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीपाशी बसून होते आणि मला आमचा थांबा कधी आला ते कळलं नाही, पुढच्या थांब्यावर उतरून मागं चालत यावं लागलं.

घरी आले तेव्हा आई पाण्याला गेली होती. नाना खाटेवर उताणे होते. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली, जवळ गेले असते तर जमलं नसतं. खाट अडली, पाना घेतला, पाइप काढला, लावायला विसरले, सगळं सलग सांगितलं. मला मार अपेक्षित होता. त्यांना उठता येत नव्हतं तरी मला मारच अपेक्षित होता. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले,

"मला दिसलं व्हतं."

मला अर्थ लागला नाही. मी विचारलं, काय दिसलं होतं?

"तिरका न्हाई त्यो. चढताना दिसला, कोपऱ्यात हुबा. क्लॅम्प लावून ठिवल्यालं, म्हंजी तूच काडला आसनार."

"मग चढलात का?"

"दोन हात रंग ऱ्हायला व्हता. म्हनलं, काय व्हतंय. घर हाय आपलं."

 तीन आठवडे मी रोज स्वतःला विचारत होते की मी हे कसं केलं, आणि हा माणूस, ज्यानं बबनला न तपासता चढला म्हणून घरी पाठवलं होतं, तो बघून, समजून, वर गेला होता. माझ्या हातून पाण्याचा तांब्या घेताना त्याला माहीत होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.  मग मला चिखलीची ती पोती आठवली आणि मी विचारलं की मग हमीदचाचांना लोकांची बोलणी का खाऊ दिली.

नानांनी पुन्हा तोंड भिंतीकडं केलं. तेव्हा मला कळलं की आदल्या दिवशी बबन आला तेव्हाही पाठ दुखत नव्हती. त्यांना लाज वाटत होती. त्यांच्या हाताखाली तीस माणसं वर चढत होती, ती त्यांच्या शब्दावर चढत होती. त्यांना सांगायचं कसं, की मी बघून न बघितल्यासारखं केलं? त्यापेक्षा क्लॅम्प निसटणं सोपं होतं. मी त्या खोलीत फार वेळ थांबू शकले नाही. अंगणात जाऊन पाइपांवर बसले. आई आली तर तिला म्हणाले, डोकं दुखतंय.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी बबनला टेंपो घेऊन बोलावलं आणि हमीदचाचांना साईटवर यायचा निरोप धाडला. आई म्हणाली, डॉक्टरांनी बसू नका सांगितलंय. ते ऐकेनात. मला म्हणाले, तू पण चल. साईटच्या फाटकाआत काम सुरू होण्याआधी सगळी माणसं जमली होती. नानांना खुर्चीत बसवलं. इंजिनिअरसाहेबही येऊन उभे राहिले. चाचा जरा लांब, टेंपोला टेकून. नाना जोरात बोलणारा माणूस, पण त्या दिवशी पुढच्या रांगेला जेमतेम ऐकू जाईल एवढाच आवाज होता. ते म्हणाले, हमीदच्या क्लॅम्पचा दोष नाही. तिरका पाइप काढलेला होता, कठडा मीच लावला नव्हता, आणि पाइप नाही हे मी बघितलं होतं. बघून चढलो. कुणी तरी विचारलं, पाइप काढला कुणी? नाना म्हणाले, ते विचारू नका, चढणारा मी होतो.

मी म्हणाले, "मी काढला."

 बबन माझ्याकडं बघायचं टाळून नानांकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. राग नव्हे. एखाद्याला आपल्या घराची भिंतच जागेवर नाही असं दिसावं तसं. इंजिनिअरसाहेबांनी चष्मा पुसला. मग हमीदचाचा पुढं आले आणि नानांच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले.

"मला वाटत होतं मी पोरीला झाकतोय," ते म्हणाले. "तुला झाकत होतो होय, नाना?"

नानांनी मान हलवली. चाचा उठले. त्यांनी बबनच्या मदतीनं नानांना उचलून टेंपोत बसवलं, पाय नीट ठेवला, पाठीला घोंगडी दिली. मग आपल्या टेंपोत बसून निघून गेले. नाना वाटेत रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि बबन गाडी चालवताना सारखा समोर बघत राहिला.

चाचांचे क्लॅम्प हळूहळू साईटवर परत गेले, सगळे नाही. एक साईट कायमची सुटली. नाना काठीवर चालायला लागले आणि पुन्हा कधी शिडीवर चढले नाहीत. टोळी बबननं सांभाळली. चाचा महिनाभर आमच्याकडं फिरकले नाहीत. आई रोज म्हणायची, आज येतील. एका दुपारी टेंपोचा आवाज आला. चाचा उतरले, चहा नको म्हणाले, नानांना खुर्ची घेऊन बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, पाना आण.

त्यांनी माझ्याकडून अंगणात, त्याच भिंतीपुढं, परांची उभी करून घेतली. चार खांब, एक खण, तेवढीच उंच. बुडाखाली फळ्या, ओळंबा, आडवे पाइप, खिडकीच्या गजांना बांधणी, वर फळ्या. जड पाइप त्यांनी धरले, आवळलं सगळं मी. शेवटी तिरका लावला. मग म्हणाले, आता हलव. मी एक खांब दोन्ही हातांनी धरून सगळा जोर लावला. परांची जागची हलली नाही.

"आता तिरका काढ."

मी नानांकडं पाहिलं. ते खाली जमिनीकडं बघत होते. मी दोन्ही क्लॅम्प सोडले, पाइप काढून बाजूला ठेवला. वरची फळी, खांब, बांधणी, सगळं जसंच्या तसं दिसत होतं. रस्त्यावरून कुणी पाहिलं असतं तर त्याला काही कमी आहे असं वाटलं नसतं. चाचा म्हणाले, एका हातानं हलव, हळू. मी डावा हात खांबाला लावला आणि पाळणा ढकलावा एवढाच जोर दिला. चारही खांब एकदम एका बाजूला गेले, तसेच परत आले, आणि पुन्हा गेले. घाबरून मी हात काढून घेतला. त्यानंतरही परांची कितीतरी वेळ डोलत राहिली.